संगणकाचे सुरुवातीचे दिवस आणि सोलापूरचे निवृत्त अभियंते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण १९६० ते १९९० या काळात मुंबई, पुणे, हैदराबाद येथील संगणक केंद्रांत, रेल्वेत, बँकांत, विमा कार्यालयांत, गिरण्यांत आणि साखर कारखान्यांत ज्यांनी संगणक बसवले, चालवले आणि दुरुस्त केले, त्यांपैकी पुष्कळ मंडळी निवृत्तीनंतर सोलापुरात आणि जिल्ह्यात राहतात. त्यांचे अनुभव नोंदवून ठेवण्याचे काम आम्ही काही जण स्वेच्छेने करतो. या मंडळींकडून, त्यांच्या घरच्यांकडून आणि मदत करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

जुन्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंटरनेटवर मिळतात, यंत्रे संग्रहालयांत आहेत. मग माणसांना विचारण्याची गरज काय?

यंत्र कसे चालावे हे पुस्तिकेत लिहिलेले असते. ते आपल्याकडे प्रत्यक्षात कसे चालले हे त्यात नसते. पुस्तिका लिहिणाऱ्याने वातानुकूलित खोली, स्थिर वीजदाब आणि मागितल्याबरोबर मिळणारे सुटे भाग गृहीत धरलेले असतात. आपल्याकडच्या अभियंत्याच्या वाट्याला यांपैकी काहीच खात्रीचे नव्हते. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे गेलेला, दिव्यांचा उजेड कमी-जास्त होतो आहे, आणि बिघडलेला भाग परदेशातून मागवायचा तर आधी आयातीचा परवाना आणि परकीय चलनाची मंजुरी, मग बंदर, मग सीमाशुल्क. त्यामुळे जे सर्किट बोर्ड इतरत्र सरळ बदलून टाकले जात असे, तेच बोर्ड येथे टेबलावर घेऊन त्यातला एकच ट्रान्झिस्टर शोधून बदलण्याची विद्या तयार झाली. ही विद्या कुणी लिहून ठेवली नाही, कारण ती त्या काळी रोजच्या कामाचा भाग होती.

पावसाळ्याचे उदाहरण घ्या. पंच कार्डाचा, म्हणजे भोके पाडून माहिती नोंदवण्याच्या जाड कागदी कार्डाचा, कागद दमट हवेत ओलावा धरतो, कार्डे किंचित फुगतात किंवा वाकतात आणि ती वाचणाऱ्या कार्ड रीडरमध्ये अडकतात. एवढे पुस्तिकेतही सापडेल. पण कार्डांचे गठ्ठे आदल्या रात्री कुठे ठेवायचे, अडकलेले कार्ड फाटले तर त्या जागी नवे कार्ड कोण पंच करून देई, महिनाअखेरीची पगारपत्रके अडली की लेखा विभागाला काय सांगितले जाई, हे फक्त त्या खोलीत काम केलेली व्यक्तीच सांगू शकते. अशा व्यक्ती आज सत्तरीच्या आणि ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून कागदांच्या आधी माणसांकडे जावे, असे आमचे ठाम मत आहे.

भारतातील संगणकाचा सुरुवातीचा इतिहास थोडक्यात कसा सांगता येईल?

मुलाखत घेणाऱ्याला निदान पुढचे टप्पे ठाऊक असावेत. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये ब्रिटनहून एचईसी-२एम हा संगणक आला; देशातला तो पहिला डिजिटल संगणक मानला जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली येथेच रचलेला संगणक १९६० मध्ये पूर्णपणे कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या, आणि स्मृतीसाठी त्या काळी अगदी नवे असलेले फेराइट कड्यांचे कोअर वापरलेले होते. १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला अमेरिकन आयबीएम कंपनीचा १६२० हा संगणक आला, तर १९६४ मध्ये टाटा संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक बसला. आयबीएम १४०१ हे यंत्र त्या दशकात रेल्वेसारख्या मोठ्या आस्थापनांत पोहोचले. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनचा टीडीसी-१२ हा संगणक १९६९ चा.

यानंतरचे महत्त्वाचे वळण १९७८ चे. परकीय चलन नियमन कायद्याखाली भारतीय भागीदारीची अट न मानता आयबीएमने देश सोडला आणि तिच्या यंत्रांच्या देखभालीचे काम कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजेच सीएमसी, या सरकारी कंपनीकडे आले. ज्यांनी आदल्या वर्षी एका कंपनीच्या ओळखपत्रावर आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीच्या ओळखपत्रावर तेच यंत्र सांभाळले, त्यांच्या आठवणी आम्हांला विशेष मोलाच्या वाटतात. पुण्यात ब्रिटिश आयसीएल कंपनीची यंत्रे आयसीआयएमच्या कारखान्यात जुळवली जात असत. आपल्या भागातल्या अनेक पदविकाधारकांचा संगणकाशी पहिला संबंध पुण्यातच आला. १९८४ चे संगणक धोरण, त्याच वर्षीचा बँकांच्या यांत्रिकीकरणावरील रंगराजन समितीचा अहवाल, पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेली सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था आणि तिचा १९९१ चा परम ८००० हा महासंगणक, या पुढच्या खुणा होत.

या सगळ्याशी सोलापूरचा काय संबंध?

दोन संबंध आहेत, आणि पहिला संगणकाच्याही आधीचा आहे. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जकार्ड यंत्रणेतून उतरते, ती जोसेफ मारी जकार्ड यांनी फ्रान्समधील लिआँ येथे १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. नक्षीच्या प्रत्येक ओळीसाठी पुठ्ठ्याचे एक कार्ड असते आणि ती कार्डे दोरीने ओवून त्यांची माळ केलेली असते. कार्डाला जेथे भोक असते तेथे यंत्राची सुई आरपार जाते, तिच्याशी जोडलेला हूक उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा धागा वर येतो. जेथे भोक नसते तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, या दोनच अवस्थांत संपूर्ण नक्षी साठवलेली असते. चार्ल्स बॅबेज यांनी १८३० च्या दशकात आपल्या नियोजित विश्लेषक यंत्रासाठी हीच कार्डे स्वीकारली. हर्मन हॉलरिथ यांनी १८९० च्या अमेरिकन जनगणनेसाठी छिद्रित कार्डे वापरली आणि त्यांच्या कंपनीतूनच पुढे आयबीएम उभी राहिली. मात्र हातमागापासून संगणकापर्यंत सरळ रेघ ओढू नये; हॉलरिथ यांना रेल्वेच्या तिकिटांना भोके पाडण्याच्या पद्धतीवरूनही कल्पना सुचली होती.

ज्या शहरात कार्डाला भोके पाडणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या होते, त्या शहरातली मुले पुढे पंच कार्डांच्या यंत्रांवर कामाला गेली, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. म्हणून आम्ही जकार्डची कार्डे पंच करणाऱ्या ज्येष्ठ कारागिरांशीही बोलतो. आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आल्यामुळे पुठ्ठ्याच्या माळा कारखान्यांतून झपाट्याने रद्दीत चालल्या आहेत. एखादी पूर्ण माळ आणि तिच्यावर विणलेला चादरीचा तुकडा एकत्र मिळाला, तर तो संच कोणत्याही संग्रहालयाला हवाहवासा वाटावा असा आहे.

दुसरा संबंध वापराचा. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय आहे, जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आहेत आणि सहकारी बँकांचे जाळे दाट आहे. उसाचे वजन, सभासदांची बिले, कामगारांचा पगार आणि व्याजाची आकारणी ही कामे हाताच्या खतावणीतून ईडीपी, म्हणजे संगणकावर हिशेब करणाऱ्या, विभागात कशी गेली, हा ग्रामीण महाराष्ट्राच्या संगणकीकरणाचा खरा इतिहास आहे, आणि मोठ्या शहरांवर लिहिलेल्या इतिहासांत तो जवळजवळ सापडत नाही.

आमच्या आई अभियंता नव्हत्या, पंच ऑपरेटर होत्या. त्यांच्या आठवणी उपयोगाच्या आहेत का?

निश्चितच. किंबहुना त्यांच्याकडे आम्ही आधी येऊ. डेटा पंच करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते आणि त्यांचे नाव कोणत्याही अहवालात येत नाही. एकीने पंच केलेले कार्ड दुसरीने व्हेरिफायरवर पुन्हा टंकून पडताळायचे, ही पद्धत, तिचा वेग, चुकांचा हिशेब आणि पाठीचे-बोटांचे दुखणे हे सगळे इतिहासातच मोडते. तीच गोष्ट मशीनरूमचे ऑपरेटर, टेप सांभाळणारे ग्रंथपाल, वातानुकूलन यंत्रणेचे तंत्रज्ञ आणि संगणकाला विरोध करणारे कामगार संघटनांचे कार्यकर्ते यांची. विमा महामंडळात १९६० च्या दशकात आणि बँकांत १९८० च्या दशकात झालेला विरोध नोकऱ्यांच्या भीतीतून आला होता. ती बाजू वगळून लिहिलेला इतिहास अपुरा राहील.

मुलाखत कशी घ्यावी?

पहिल्या भेटीत ध्वनिमुद्रण करू नये. ओळख करून घ्यावी, नोकरीचा क्रम लिहून घ्यावा, घरात कोणते कागद आणि फोटो आहेत ते पाहावे. दुसऱ्या भेटीत तासाभराचे मुद्रण पुरे. ज्येष्ठ व्यक्तीला त्याहून अधिक बसवून ठेवणे बरे नव्हे. उन्हाळ्यात पंखा बंद करून बसणे कुणाला सोसत नाही आणि पंख्याचा आवाज मुद्रणात सगळीकडे शिरतो, म्हणून सकाळी लवकर जावे. साधा मोबाइल चालतो, पण तो विमान स्थितीत ठेवावा, कॉलरला लावायचा मायक्रोफोन जोडावा आणि शक्य असल्यास डब्ल्यूएव्ही स्वरूपात मुद्रण करावे.

प्रश्न नेमके असावेत. "तेव्हाचा काळ कसा होता?" असे विचारले की "फार चांगला होता" एवढेच उत्तर येते. त्याऐवजी "काका, सकाळी मशीनरूममध्ये शिरल्यावर सगळ्यांत आधी काय बघायचात?", "रात्रपाळीला यंत्र बंद पडले तर फोन कुणाला लावायचात, आणि फोन लागायचा का?", "कोणता बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखू यायचा?" असे विचारावे. समोर वस्तू ठेवली तर त्याहून बरे. एका निवृत्त सर्व्हिस इंजिनिअर काकांना आम्ही कोअर मेमरीबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी पुस्तकी व्याख्या सांगितली. मग त्यांच्यापुढे कोअर प्लेनचा, म्हणजे तारांत ओवलेल्या फेराइट कड्यांच्या जाळीचा, मोठा छापलेला फोटो ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि आडव्या-उभ्या तारा कुठून येतात, तिरपी वाचनाची तार कोणती, तार तुटली असेल तर मल्टिमीटरचे टोक नेमके कुठे टेकवायचे, हे बोट फिरवत सांगायला सुरुवात केली. त्यानंतर मधे प्रश्न विचारण्याची गरज पडली नाही.

बोलणाऱ्याचे वाक्य तोडू नये आणि चूक लगेच दुरुस्त करू नये. शेवटी लेखी संमती घ्यावी. मुलाखत सर्वांसाठी खुली करायची, काही वर्षांनी खुली करायची, की काही भाग वगळायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच आहे.

मुलाखत मराठीतच हवी का?

नाही. सोलापुरात अनेकांच्या घरची भाषा तेलुगू, कन्नड किंवा दखनी आहे. ज्या भाषेत माणूस मोकळा बोलतो, त्या भाषेत बोलू द्यावे. मराठी सारांश नंतर जोडता येतो.

आठवणीतली वर्षे चुकतात. अशा माहितीवर विश्वास कसा ठेवावा?

वर्षे चुकतात हे खरे. यंत्राचे वर्तन सहसा चुकत नाही. वर्षांची पडताळणी बाहेरून करता येते. आयबीएम १४०१ ची घोषणा १९५९ ची आहे, त्यामुळे त्याआधी त्यावर काम केल्याची आठवण दुसऱ्या यंत्राची असणार. आयबीएम गेल्यानंतर की आधी, लग्नाआधी की नंतर, आणीबाणीत की पुढे, अशा खुणांनी विचारले तर काळ बराच नेमका होतो. नियुक्तीपत्र, बदलीचा आदेश, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि पगाराची चिठ्ठी हे सर्वांत विश्वासार्ह पुरावे होत. मूळ मुद्रणात बदल करू नये. दुरुस्ती वेगळ्या टिपणात, ती करणाऱ्याच्या नावासह लिहावी.

घरात पंच कार्डे सापडली आहेत. ती वाचता येतात का?

बहुतेक वेळा येतात. नेहमीच्या कार्डाला ८० उभे रकाने आणि १२ आडव्या ओळी असतात. वरून पहिली ओळ १२ ची, दुसरी ११ ची आणि मग ० ते ९. अंकासाठी रकान्यात एकच भोक असते, तर अक्षरासाठी दोन. आयबीएम पद्धतीत ए म्हणजे १२ आणि १, एल म्हणजे ११ आणि ३, एस म्हणजे ० आणि २. एखाद्या कार्डावर ०-२, ११-६, ११-३ अशी भोके ओळीने दिसली, तर ती एस, ओ, एल ही अक्षरे झाली. कार्डाच्या वरच्या कडेला छापलेली अक्षरे असतील तर कामच सोपे होते. गठ्ठ्याला लावलेले रबर काढून टाकावे, कारण ते वितळून कागदाला चिकटते. मात्र कार्डांचा क्रम बदलू नये. क्रम बदललेला प्रोग्राम पुन्हा लावणे फार जिकिरीचे असते.

जुन्या फ्लॉपी आणि टेप यांचे काय करावे?

आधी काहीही न करता थंड, कोरड्या जागी ठेवाव्यात. माळ्यावरचे पत्र्याचे कपाट ही सर्वांत वाईट जागा. चुंबकीय टेपवरचा लेप ओलाव्याने चिकट होतो आणि अशी टेप फिरवली की लेपच निघून येतो, म्हणून टेप घरी चालवण्याचा प्रयत्न करू नये. फ्लॉपीवर बुरशीचे ठिपके दिसत असतील तर तीही ड्राइव्हमध्ये घालू नये. ठिपके ड्राइव्हच्या हेडला लागतात आणि पुढची चांगली फ्लॉपीही खराब होते.

वाचण्याआधी लेखनबंदी करावी. सव्वापाच इंची फ्लॉपीची बाजूची खाच चिकटपट्टीने झाकली की तिच्यावर लिहिले जात नाही. आठ इंची फ्लॉपीत नेमके उलट आहे, तेथे उघडी खाच म्हणजे लेखनबंदी. साडेतीन इंची फ्लॉपीत सरकपट्टी हलवून खिडकी उघडी करावी. त्यानंतर फाइली एकेक करून न उचलता संपूर्ण तबकडीची प्रतिमा घ्यावी. ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्स यांसारखी उपकरणे चुंबकीय संकेतच जसेच्या तसे उतरवतात, त्यामुळे अनोळखी स्वरूपाची फ्लॉपीही पुढे वाचता येते.

गोदामात जुना संगणक आहे. चालू करून पाहू का?

कृपया नको. वर्षानुवर्षे बंद असलेल्या वीजपुरवठा संचातले कपॅसिटर एकदम पूर्ण दाब दिल्यास फुटू शकतात, आणि मॉनिटरमध्ये यंत्र बंद असतानाही घातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आणि त्यानंतरच्या अनेक मदरबोर्डांवरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. ती जाणकाराकडून लवकर काढून घ्यावी. आतले-बाहेरचे फोटो आणि पाटीवरचे क्रमांक मात्र आजच घ्यावेत.

ऑनलाइन काय शोधावे आणि कुठे?

पुस्तिका आणि सर्किट आकृत्यांसाठी बिटसेव्हर्स हे संकेतस्थळ सर्वांत समृद्ध आहे. आयबीएम, डीईसी आणि इतर अनेक उत्पादकांच्या स्कॅन केलेल्या पुस्तिका तेथे मोफत मिळतात. इंटरनेट आर्काइव्हवर जुनी मासिके आणि ब्राउझरमध्ये चालणारी सॉफ्टवेअर आहेत. कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम आणि मिनेसोटा विद्यापीठातील चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूट यांच्या मौखिक इतिहासाच्या मुलाखती मुलाखतकाराने आवर्जून वाचाव्यात. प्रश्न कसा विचारावा हे त्यांतून शिकता येते. भारतीय माहिती तंत्रज्ञानाच्या इतिहासासाठी 'इतिहास' या नावाने उभारलेल्या डिजिटल संग्रहात अनेक ज्येष्ठांच्या चित्रित मुलाखती आहेत. त्या प्रामुख्याने संस्था उभारणाऱ्यांच्या आहेत. यंत्राचा पंखा साफ करणाऱ्याची मुलाखत अजून आपल्यालाच घ्यायची आहे.

निवृत्त अभियंते काय करू शकतात याची दोन उदाहरणे द्यावीशी वाटतात. कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममधील आयबीएम १४०१ यंत्रे स्वयंसेवकांनी पुन्हा चालती केली, आणि त्यांत आयबीएमचे अनेक निवृत्त अभियंते होते. ब्रिटनमध्ये १९८९ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर कॉन्झर्व्हेशन सोसायटीच्या सदस्यांच्या परिश्रमांतून १९५१ चा हारवेल डेकाट्रॉन संगणक २०१२ मध्ये ब्लेचली पार्क येथे पुन्हा सुरू झाला.

ज्यांना स्वतःचे जुने यंत्र पुन्हा अनुभवायचे असेल, त्यांच्यासाठी सिमएच हा मोफत सिम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, आहे; आयबीएम १४०१, आयबीएम १६२०, पीडीपी-११, व्हॅक्स अशी यंत्रे तो आजच्या लॅपटॉपवर चालवतो. नातवंडांनी तो आजोबांना बसवून द्यावा. बोटे कळफलकावर गेली की विसरलेल्या आज्ञाही परत येतात, आणि त्या वेळी शेजारी मुद्रण चालू असावे.

जुन्या मराठी फाइली उघडल्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. त्या फेकून द्याव्यात का?

अजिबात नाही. युनिकोड हे सर्व लिप्यांचे सामाईक संगणकीय मानक रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे काने, मात्रा आणि अर्धाक्षरे बसवलेली असत. तो फॉण्ट नसेल तर मजकूर अगम्य दिसतो, पण तो शाबूत असतो. आपल्या शहरातील छापखान्यांच्या लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंक, एवढेच काय तेलुगू मजकूरही अशा फाइलींत अडकलेला आहे. मूळ फाइल, तिचा फॉण्ट आणि शक्य असल्यास त्या काळची छापील प्रत, असे तिन्ही एकत्र ठेवावे; युनिकोड रूपांतर ही चौथी, वेगळी प्रत. संगणकात भारतीय लिप्या आणणारे सी-डॅकचे जिस्ट कार्ड आणि भारतीय लिप्यांसाठीचे १९९१ चे इस्की मानक वापरून काम केलेल्या ऑपरेटरांच्या कळफलकाच्या सवयी आणि हाताने काढलेले तक्तेही आम्हांला हवे आहेत. भारतीय भाषा संगणकावर आणण्याचा इतिहास हा आपलाच आहे; तो दुसरे कुणी जपणार नाही.

कागद स्कॅन करताना काय पाळावे?

मजकुराला ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), बारीक सर्किट आकृतींना ६००. समासातील हस्तलिखित टिपणे, चहाचे डाग आणि कोरी पाठही वगळू नये. टाचण्या अलगद काढाव्यात, पारदर्शक चिकटपट्टी कधीही लावू नये.

कार्यालयातील जुने कागद देण्यात कायदेशीर अडचण आहे का?

असू शकते. केंद्र सरकारची कार्यालये आणि उपक्रम यांच्या अभिलेखांना १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा लागू होतो. असे कागद कुणाकडे असतील तर ते खासगीरीत्या देण्याऐवजी त्या कार्यालयाशी बोलावे. संगणक प्रोग्रामला १९८४ च्या दुरुस्तीपासून स्वामित्व हक्काचे संरक्षण आहे, म्हणून जतन करणे आणि जाहीरपणे वाटणे यांत फरक करावा. खातेदारांची किंवा ऊस उत्पादकांची नावे-रकमा असलेली माहिती आम्ही कधीही खुली करत नाही. स्वतःची वही, स्वतःचे फोटो आणि स्वतःच्या आठवणी देण्यास मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

जमा केलेले साहित्य शेवटी कुठे राहणार?

एकाच घरात किंवा एकाच हार्ड डिस्कवर नक्कीच नाही. प्रत्येक मुलाखतीच्या आणि स्कॅनच्या किमान तीन प्रती करतो : एक सोलापुरात, एक दुसऱ्या शहरात आणि संमती असेल तर एक इंटरनेट आर्काइव्हवर. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ अंक, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठशासारखा अंक, नोंदवून ठेवला जातो आणि ठरावीक काळाने तो पुन्हा काढून प्रत बिघडलेली नाही ना, हे पाहिले जाते. मूळ वस्तू शक्यतो कुटुंबाकडेच राहू देतो. कुटुंबाला जागा नसेल तेव्हाच अभियांत्रिकी महाविद्यालय, विद्यापीठ किंवा संग्रहालय यांच्याशी लेखी बोलणे करतो, आणि ती वस्तू कुणी, कुठे, कोणत्या कामासाठी वापरली याचे एक पानभर टिपण तिच्यासोबत दिल्याशिवाय हलवत नाही.